आधी शेळीचा पंचनामा

कान्हे स्टेशनावर लोकलमधून उतरणाऱ्या माणसाला बिबट्या सहसा दिसत नाही, पण फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटं थांबलं तर त्याची खबर मिळते. टाकव्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर कुणाच्या दुचाकीपुढून गेला, ठाकरवाडीतून कुणाची शेळी उचलली, पोल्ट्रीमागं फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांना सोकावला. सांगणारे त्याला वाघच म्हणतात. माझी नोकरी वनखात्यात झाली, त्यातला बराच काळ पट्ट्यांच्या वाघांच्या मुलखात गेला. गावात माझी ओळख ‘फॉरेस्टवाले काका’ अशी आहे, त्यामुळं निवृत्तीनंतरही हे फोन माझ्याकडंच येतात. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: “काका, पिंजरा कधी लावतील?” माझाही प्रश्न ठरलेला: “पंचनामा झाला का?”

समोरचा वैतागतो. इकडं जीव मुठीत धरून बसलोय आणि हा माणूस कागदाचं विचारतोय, असं त्याच्या आवाजात स्पष्ट ऐकू येतं. पण वनक्षेत्रपाल म्हणून ब्रह्मपुरी वनविभागात आणि पुढं जुन्नरला जे पाहिलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. वाघ-माणसाचं भांडण कुठल्या थराला जाणार, हे माणूस मेल्यावर ठरत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, पहिली शेळी किंवा पहिला बैल मेला त्या दिवशी, खाकी कपड्यातला माणूस तिथं किती वाजता पोचला यावर ठरतं.

ब्रह्मपुरी म्हटलं की पुण्याकडच्या मंडळींना ताडोबा आठवतो. ताडोब्याला गेट आहे, जिप्सी आहे, आत-बाहेर ही रेघ आहे. ब्रह्मपुरी विभागातले वाघ बहुतेक राखीव प्रकल्पाच्या बाहेर राहतात: सिंदेवाही, नागभीड, तळोधी या भागांत. धानाच्या बांध्या, त्यांच्या कडेला झुडपी जंगल, मग एखादा मामा तलाव, मग गाव, पुन्हा जंगल. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारांच्या काळात धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेले. माणसानं धानासाठी अडवलेलं पाणी उन्हाळ्यात वाघालाही पुरतं. रानडुक्कर आणि चितळ पिकाला येतात, त्यांच्यामागं वाघ येतो, आणि गावची गुरं तर तिथंच चरत असतात. राज्यात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ ला ३१२ झाले, २०२२ ला ४४४. ही वाढ अभिमानाची आहेच. पण दोनेक वर्षांचा नर आईपासून सुटला की त्याला स्वतःचा मुलूख लागतो, आणि तो शोधायला त्याला कुणाच्या तरी शेतातूनच जावं लागतं. टिपेश्वर अभयारण्यातला असा एक तरुण वाघ २०१९ मध्ये चालत चालत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात कॉलर होती म्हणून त्याची हजारावर किलोमीटरची वाट कळली. ज्यांना कॉलर नाही, ते कुठून कुठं गेले हे फक्त गुराख्यांना माहीत.

माणसंही जंगलात हौसेनं जात नाहीत. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात सात्या म्हणजे रानातल्या अळंब्या, वर्षभर सरपण. मोह पहाटे गळतो, उजाडल्यावर गुरं आणि हरणं तो खाऊन टाकतात, म्हणून बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. तेंदूपत्त्याच्या एका पुड्यात ७० पानं लागतात. असे पुडे बांधायला दुपार आणि संध्याकाळ लागते, म्हणजे तोडणी पहाटेचीच. आणि दोन्ही कामं वाकून करायची. उभा माणूस वाघाला भक्ष्य वाटत नाही, वाकलेला किंवा बसलेला माणूस चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगायचो. टोळीनं जा, आवाज करत जा, उजाडल्याशिवाय शिरू नका. १९८६ च्या सुमारास सुंदरबनात मध काढायला जाणाऱ्यांना डोक्यामागं लावायला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले होते, तीही गोष्ट मी रंगवून सांगायचो. एकदा एक म्हातारी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “साहेब, तुमी म्हनता जंगलात नोका जाऊ. मंग खाऊ का?” त्या प्रश्नाला उत्तर कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

खबरदारी माहीत असूनही माणसं मरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणात आमच्याच खात्याच्या एका वनरक्षक भगिनीचा वाघानं जीव घेतला. तिच्यापेक्षा जास्त खबरदारी कुणाला शिकवायची? १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढामालच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी मारल्या गेल्या. मला ती बातमी कान्ह्यात जुन्या सहकाऱ्याच्या फोनवरून कळली. त्यानं आकडा सांगितला आणि लगेच म्हणाला, “सर, गावानं पंचनामा करू दिला.” हे वाक्य खात्याबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आम्हाला त्यात सगळं कळतं.

बैलाचा पंचनामा कसा होतो ते थोडं सांगतो. खबर आली की बीटगार्ड आणि वनपाल निघतात, गावातले दोन पंच घेतात. आधी फरफट शोधायची. मारलं कुठं आणि ओढत नेलं कुठं, दोन्ही जागा पाहायच्या. रक्त ओलं आहे की वाळलं. गळ्यावरचे सुळ्यांचे व्रण टेपनं मोजायचे. बिबट्याच्या दोन सुळ्यांतलं अंतर वाघाच्यापेक्षा कमी भरतं. खायला सुरुवात कुठून केली हे पाहायचं; वाघ बहुतेकदा मागच्या मांडीपासून लागतो. मऊ मातीत ठसा मिळाला तर त्याचं माप. फोटो, कक्ष क्रमांक, मालकाचं नाव, दातांवरून बैलाचं वय, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला. शेवटी सह्या आणि अंगठे. हे होत असताना मालक बाजूला उकिडवा बसलेला असतो. रोवणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला म्हणजे उरलेला निम्म्या कामाचाही राहत नाही. २०२२ पासूनचा सरकारी हिशेब असा: गाय, म्हैस, बैल मेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातली जी कमी ती रक्कम. शेळी-मेंढीला हीच मर्यादा १५ हजारांची. उरलेले पंचवीस टक्के मालकानं वाघाच्या नावानं सोडायचे. पण पैसे तर पुढं येतात. त्या दिवशी मालकाला एवढंच हवं असतं की आपला बैल कुणीतरी येऊन बघावा, त्याचं नाव लिहून घ्यावं.

पंचनाम्याचे बाकीचे फायदे आमचे. मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, असा आमचा आग्रह असतो. वाघ त्यावर परत येतो. जनावर उचलून पुरलं तर तो उपाशी राहतो आणि दुसऱ्या रात्री दुसरा बैल मारतो. शिवाय त्या बैलाजवळ कॅमेरा ट्रॅप लावला की वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे मिळतात. पट्टे म्हणजे त्याची ओळख, दोन वाघांचे सारखे नसतात. पुढं कधी माणूस मेला तर पहिला प्रश्न हाच येतो की कुठला वाघ. ज्या रेंजमध्ये प्रत्येक बैलाजवळ कॅमेरा लागला आहे, तिथं याचं उत्तर फाइलमध्ये आधीच तयार असतं. जिथं लागला नाही, तिथं आठवडेच्या आठवडे शोधात जातात, आणि तोवर गाव प्रत्येक वाघाला नरभक्षक म्हणू लागतं.

आणि विष. याबद्दल गावात कुणी मोकळेपणानं बोलत नाही. दोन दिवस कुणी फिरकलं नाही, बैलाला वास सुटला, पैसे मिळतील याची खात्री नाही, मग संध्याकाळी कुणीतरी घरातलं थायमेट आणून त्या मांसात ओततं. जुलै २०१९ मध्ये चिमूर तालुक्यात मेटेपारजवळ एक वाघीण आणि तिचे दोन बछडे विषबाधेनं मेलेले सापडले. जून २०२५ मध्ये कर्नाटकात मलै महादेश्वर टेकड्यांत वाघीण आणि चार बछडे असे पाच जीव विष घातलेल्या एका गाईच्या मांसानं गेले. शिकारी टोळ्यांबद्दल आपण पुष्कळ वाचतो. या वाघांना मात्र साध्या, चिडलेल्या शेतकऱ्यानं मारलं. गुन्हा तो गुन्हाच, शिक्षा व्हायलाच हवी. तरी मी अशा बातम्या वाचतो तेव्हा मला एकच माहिती हवी असते: त्याआधीची गुरं मेली तेव्हा कोण गेलं होतं?

माझ्या हाताखाली एक तरुण बीटगार्ड होता. फार बोलका नव्हता, बैठकीत मागं उभा राहायचा. पोळ्याच्या दिवशी त्याच्या बीटमधल्या एका गावात बैल मारला गेला. पोळ्याला, म्हणजे सकाळी ज्याची पूजा केली तोच. पोरगा स्वतःच्या घरचं ताट सोडून दुचाकीवर तीस-पस्तीस किलोमीटर गेला, बॅटरीच्या उजेडात पंचनामा केला आणि रात्री तिथंच राहिला, कारण घरातली माणसं रडत होती. त्यानं याचा उल्लेखही केला नाही. मला डायरीवरून कळलं.

पुढं हिवाळ्यात त्याच गावचा गुराखी मारला गेला. आम्ही पोचलो तेव्हा दोन-तीनशे माणसं जमली होती, कुऱ्हाडी, काठ्या, पोरांच्या हातात मोबाइल. कुणी मला ढकललं, कुणी गाडीच्या बॉनेटवर काठी मारली. अशा वेळी वाघाइतकाच जमावही धोकादायक असतो. वाघ जवळच्या झुडपात असतो, चारी बाजूंनी माणसं घुसली की त्याला वाट उरत नाही, आणि दुसरा बळी तिथंच पडतो. मी ओरडून सांगत होतो, कुणी ऐकत नव्हतं. मग मयताच्या घरातली एक बाई पुढं आली आणि त्या बीटगार्डकडं बोट दाखवून म्हणाली, “हा पोट्टा आमच्या बैलाच्या टायमाले आला होता. याले जाऊ द्या.” माणसं बाजूला झाली. पोरानंच मग सगळ्यांना रस्त्यापर्यंत मागं नेलं, चार जाणती माणसं निवडली, आणि आवाज करत, एका रांगेत आत जाऊन आम्ही देह बाहेर आणला. वाघ तिथून थोड्याच अंतरावर बसून होता, हे नंतर ठशांवरून कळलं.

उलटंही पाहिलं आहे. कुठल्या गावात ते सांगत नाही. माणूस मेल्यावर लोकांनी रस्ता अडवला, रात्र झाली तरी देह उचलू देईनात. चर्चेला बसलो तर मागण्यांची यादी पुढं आली. वाघाला गोळी घाला, ही मागणी तिसरी होती. पहिली होती गेल्या साली मेलेल्या शेळ्यांच्या पैशांची.

माझं म्हणणं वाघाला काहीही झालं तरी हात लावू नका, असं नाही. पंचनाम्यानं सगळे वाघ शहाणे होत नाहीत. पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली, आणि ती कशी घातली यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. राजुऱ्याचा आरटी-१ ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजऱ्यात सापडला. वडशाचा सीटी-१, त्याच्यावरही १३ बळींचा ठपका, ऑक्टोबर २०२२ मध्ये बेशुद्ध करून पकडला. माणसाला सोकावलेला वाघ एकदा नक्की ओळखला की तो लवकरात लवकर तिथून काढावा, या मताचा मी आहे. रोजच्या सरपणाला जाणारी बाई भीतीनं घरात कोंडून घेते, धान कापणीविना उभं राहतं, पोरं शाळेत जात नाहीत. शहरात बसून याचिका लिहिणाऱ्यांनी एक हंगाम तिथं काढावा. पण लवकर ओळखायचं तर मघाशी सांगितलेले पट्ट्यांचे फोटो हवेत, आणि ते बैलाजवळच मिळतात.

जुन्नरला बदली झाली तेव्हा वाटलं, आता वाघ नाही, बिबट्या; काम हलकं. तसं काही नव्हतं. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्याची पिढी जन्मली. तिथली मादी पिल्लं घालते ती सरीतच. तोडणीला कोयता लागला की पिल्लं सापडतात. मजूर थांबतात, आम्ही पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवायचो, रात्री आई येऊन घेऊन जायची. ही पद्धत रुळली कारण उलट करून पाहिल्यावर नुकसानच दिसलं. २००१ च्या सुमाराला त्या भागात हल्ले वाढले, तेव्हा शंभरावर बिबटे धरून पुष्कळांना लांबच्या जंगलांत सोडलं होतं. वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला आणि दाखवलं की सोडलेल्या ठिकाणी हल्ले वाढले. त्यांनीच २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या म्हाताऱ्या नराला कॉलर लावली. माळशेज घाटात सोडल्यावर तो शंभरेक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडं गेला. त्यावर पुढं ‘आजोबा’ नावाचा सिनेमा आला. पिंजरा मागणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो: धरलेला बिबट्या कुठंतरी न्यावा लागतो, माणिकडोहच्या निवारण केंद्रातल्या जागेलाही मर्यादा आहे, आणि रिकाम्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येतोच.

तरीही जुन्नर विभाग शांत नाही. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत तिघांचे जीव गेले, त्यात दोन लहान मुलं. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. त्यानंतर खिळे लावलेले पट्टे गळ्यात घालून शेतात राबणाऱ्या माणसांचे फोटो सगळीकडं छापून आले. माझ्या नात्यातल्या एका मुलानं ते पाहून विचारलं, हे एआयचे का? त्याचा दोष नाही. त्याच नोव्हेंबरात पुण्यात औंधला बिबट्या दिसला आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर खोट्या बिबट्यांचा पूर आला. खोट्या फोटोंनी एक नुकसान मात्र खरं केलं: खरी खबर द्यायला फोन करणाऱ्यालाही आता आधी पुरावा मागतात.

मावळात जुनी माणसं या जनावराशी वेगळं वागत. खंडाळ्याला राजमाची पॉइंटजवळ वाघजाईचं देऊळ आहे. जुन्नर-अकोल्याच्या आदिवासी पाड्यांत दिवाळीच्या आधी वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि आमची गुरं राख म्हणतात. वर्षाला एखादी शेळी गेली तर ती त्याची, असा हिशेब त्यामागं होता. तो हिशेब आता पुरत नाही, कारण शेळी आता बँकेच्या कर्जावर घेतलेली असते. तिच्या हप्त्याला वाघोबा जामीन राहत नाही. म्हणून सरकारी कागदाची गरज.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातली एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणून ठेवली, तेव्हा फाट्यावरची पोरं मला विचारत होती, “काका, आपल्याकडं खरा वाघ येणार का?” चांदोली-कोयनेहून कान्हे दूर आहे, लगेच कुणी येत नाही. पण सह्याद्रीची रांग सलग आहे आणि टिपेश्वरचा तो पोरगा कुठवर गेला ते वर सांगितलंच. वाघ आला तर स्वागत करायचं की रस्ता अडवायचा, हे आपण आजच, बिबट्याच्या शेळ्यांवर ठरवतो आहोत.

तेव्हा कान्हे, टाकवे, नाणे मावळ, पवन मावळातल्या मंडळींना एवढीच विनंती. शेळी, वासरू, काहीही गेलं तर ते जागेवरून हलवू नका, त्यावर औषध टाकू नका, पोरांना फोटो काढायला त्याच्याभोवती गोळा होऊ देऊ नका. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर कळवा आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवा. गोठ्याला छपरापर्यंत जाळी लावा, पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी खोल पुरा. शेतात सोडलेल्या विजेच्या तारेनं बिबट्याआधी शेजाऱ्याचा जीव जातो, ती काढून टाका. वनरक्षक आला तर त्याला पाणी द्या, नाही आला तर दुसऱ्या दिवशी परत फोन करा, तिसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्या. आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.